थोरले मागून आले

“सूनबाई, त्या ठिपक्यावर एवढा जीव लावू नकोस. तो आपला नव्हे. थोरल्यांची मर्जी आहे तोवर तो खरं बोलेल.”

वरच्या मजल्यावरचे भोंगाकाका मला हे म्हणाले तेव्हा माझी लेक मुंगी तान्ही होती आणि मी तिच्या झोपेसाठी अख्ख्या जगाशी भांडत होते. काका फेरीबोटीचे निवृत्त कप्तान. नोकरी संपली की लोक आठवण म्हणून घड्याळ घेतात, यांनी जुन्या बोटीवरचा हाताने फिरवायचा भोंगा मागून घेतला. तो बाल्कनीत बसवला आणि गंज चढू नये म्हणून रोज भर दुपारी त्याचा कान पिळायचे. इकडे मुंगीचा डोळा लागायचा, तिकडे वरून म्हैस हंबरायची.

एक दिवस मी वर गेले. नम्रपणेच सांगितलं, पण हातात फोन होता. “काका, आता कशाला लागतो भोंगा? हे बघा. हा ठिपका म्हणजे माझा नवरा. हा ठिपका फेरीबोट. धुकं असो, अंधार असो, उपग्रह सांगतो कोण कुठे आहे ते.”

काकांनी चष्मा कपाळावर चढवून ठिपके पाहिले आणि वरचं वाक्य बोलले. मी हसले. म्हाताऱ्या माणसांना यंत्राचा संशय असतोच, असं म्हणून खाली आले. दुसऱ्या दिवसापासून म्हैस गप्प झाली.

त्या काळात मी एकट्या काकांनाच गप्प केलं असं नाही. आमच्या खिडकीखाली टॅक्सीचा तळ आहे. मी खिडकीतून नुसतं ओठांवर बोट ठेवून “शूऽऽ” म्हटलं की चाळीस टॅक्सीवाले पत्ते टाकतानासुद्धा आवाज करायचे नाहीत. तेव्हापासून मी त्या रस्त्यावर ‘शू-वहिनी’. मुंगी आता बालवाडीत जाते, दुपारी झोपायचं नाव काढत नाही, पण नाव मला चिकटलं ते चिकटलंच.

थोरले कोण, ते सांगायला हवं. आमच्या उत्तरेला जो अवाढव्य देश आहे त्याचं नाव आमच्याकडे कुणी घेत नाही. ‘थोरले’ म्हणायचं. थोरल्यांची आज कवायत आहे. थोरल्यांनी भुवई चढवली. थोरले कांदे घेत नाहीत यंदा. एकत्र कुटुंबात कसं, थोरल्यांच्या कपाळाला आठी पडली की धाकट्यांच्या स्वयंपाकघरात भांडी हळू ठेवतात, तसं आमचं चालतं. सामुद्रधुनीच्या पलीकडे, अगदी समोर, आमच्याएवढाच एक चिमुकला देश आहे. खरं तर दोघांनी एकमेकांना धरून राहायचं, पण आमचं आणि त्यांचं वाळूच्या एका पट्टीवरून वाजलेलं. ती पट्टी फक्त ओहोटीला दिसते आणि तिच्यावर दोन बगळे उभे राहतात. एक आमचा, एक त्यांचा, असं माझे सासरे म्हणायचे. त्या पट्टीपायी दोन्ही बंदरांची कार्यालयं एकमेकांशी बोलत नाहीत. शिवाय सातासमुद्रापार ‘लांबचे मामा’ आहेत. फार मोठे, फार प्रेमळ. काही झालं की तीव्र चिंता व्यक्त करतात.

तर त्या दिवसाची गोष्ट. सासूबाई मुंगीला घेऊन पलीकडच्या देशात, म्हणजे माझ्या नणंदेकडे, दोन दिवस राहायला गेल्या होत्या. त्या दिवशी दुपारच्या फेरीने परत यायच्या. मुंगीच्या मनगटावर मी ठिपक्याचं घड्याळ बांधलेलं. मी भाजी चिरत होते, म्हणजे एक डोळा भाजीवर, एक फोनवर. ठिपका बंदरातून सुटला, हळूहळू पाण्यावर आला, आणि मी कांदा घ्यायला वळून परत पाहते तर मुंगी थोरल्यांच्या राजधानीतल्या विमानतळावर उभी.

मी फोन झटकला. मुंगी विमानतळावरच. नवऱ्याचा ठिपका पाहिला. तोही विमानतळावर. माझा स्वतःचा पाहिला. मीही तिथेच, हातात सुरी घेऊन.

खाली उतरले तर रस्ताभर हाच तमाशा. जेवण पोचवणारा आमच्या फाटकाला टेकून उभा होता आणि समोरच्या औषधवाल्याला डबा देत नव्हता. “साहेब, मला तुम्ही दिसताय, पण याला दिसत नाही. हा म्हणतो गिऱ्हाईक परदेशात आहे.” औषधवाल्याच्या मनगटावरची व्यायामपट्टी त्याचं अभिनंदन करत होती, आज आपण हजार किलोमीटर चाललात, आता जरा बसा. आणि टॅक्सीनेता, म्हणजे तळावरचा सगळ्यात जुना चालक, एका बाईशी हुज्जत घालत होता.

“ताई, मीटर बोलतंय ते मी नाही बोलत.”

“अरे मी मंडईतून बसले.”

“मीटरच्या मते तुम्ही विमानतळावरून बसलात. तेही थोरल्यांच्या. सामान कुठाय?”

“ही कोथिंबीर.”

सगळा तळ हसत होता. मीही हसले असते. पण टॅक्सीनेत्याच्या खांद्यावरून मला रस्त्याचं टोक दिसत होतं, जिथे एरवी समुद्र असतो. तिथे समुद्र नव्हता. पांढरी भिंत होती. धुकं उतरलं होतं, आणि त्याच्या आत कुठेतरी फेरीबोट होती.

“दादा, बंदरावर सोडा,” मी म्हणाले. टॅक्सीनेत्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मीटर न पाडता गाडी काढली.

नवरा तेव्हा बंदराच्या नियंत्रण कक्षात रेडिओवर असायचा. तीन खिडक्या, एक भिंतभर नकाशा, एक पंखा जो हवा सोडून सगळं हलवतो. नकाशावर थोरल्यांनी जाहीर केलेली कवायतीची चौकट लाल पेन्सिलीने काढलेली. दर हंगामात ती चौकट थोडी खाली सरकते. जुन्या चौकटी खोडल्याच्या खुणा तशाच आहेत. थोरले कसे जवळ येतायत ते कुठल्याही पुस्तकापेक्षा त्या खाडाखोडीत जास्त कळतं.

“तू इथे कशी?” कानावरचं यंत्र अर्धं काढत नवरा म्हणाला. “बाहेरच्यांना मनाई आहे.”

“मी बाहेरची?”

“फलकावर तसं लिहिलंय.”

“फलकाला सांग, मुंगीची आई आली आहे.”

त्याने खुर्ची सरकवून दिली. त्याचाही चेहरा उतरलेला होता, पण कामावर असताना तो चेहरा घडी करून खिशात ठेवतो. त्याने थोडक्यात सांगितलं. थोरल्यांची कवायत सुरू झाली आहे. कवायतीच्या वेळी ते उपग्रहाचा संदेश बिघडवतात, म्हणून सगळ्यांचे ठिपके विमानतळावर. बोटीचं रडारही बिघडलंय, पडद्यावर नुसतं पीठ सांडल्यासारखं दिसतं. होकायंत्र चालू आहे, म्हणजे कप्तानाला दिशा कळतेय, जागा कळत नाही. आणि एका बाजूला वाळूची पट्टी, दुसऱ्या बाजूला लाल चौकट. मधली वाट अरुंद.

“मग नांगर टाकून थांबेल ना तो?”

“टाकलाय. पण तळाला वाळू, नांगर घसरतो. आणि थोड्या वेळात ओहोटी लागेल. ओहोटीचं पाणी चौकटीकडे ओढतं.”

मागच्या वर्षी चौकटीत गेलेली एक मासेमारी बोट थोरल्यांनी ओढून नेली होती. माणसं परत आली, पण केव्हा, तर पुढच्या हंगामात. मी नकाशावरची लाल रेघ बघत राहिले.

तेवढ्यात रेडिओवर एक खणखणीत, इस्त्री केलेला आवाज आला. थोरल्यांची गस्तीबोट बोलत होती. “फेरीबोट, आपली उपकरणं निकामी झालेली दिसतात. आमच्या मागे या. प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी आम्ही आपल्याला बंदरात पोचवू.”

कुठल्या बंदरात, ते बोलला नाही.

फेरीबोटीच्या कप्तानाला आम्ही ‘हं-कप्तान’ म्हणतो. त्याच्या लग्नातसुद्धा तो एवढंच बोलला होता म्हणतात. रेडिओ खरखरला आणि त्याचं उत्तर आलं.

“हं.”

मग इस्त्रीवाला म्हणाला, “याचा अर्थ होकार समजायचा का?”

“हं.”

“फेरीबोट, कृपया स्पष्ट सांगा. आपण आमच्या मागे येत आहात का?”

“हं,” कप्तान विचार करत असल्यासारखा म्हणाला, आणि बोट जागची हलली नाही.

नवरा हळूच हसला. “याला परराष्ट्र खात्यात घ्यायला हवं.”

मला हसू आलं नाही. “जाऊ दे ना रे त्यांच्या मागे,” मी म्हणाले. “मदतच करतायत. उद्या काय ते निषेध-बिषेध पाठवा. आज माझी पोरगी घरी येऊ दे.”

“मागच्या हंगामात मालबोट गेली होती त्यांच्या मागे, आठवतं? दिवसभर त्यांच्या बातम्यांत तेच. बघा, हे पाणी आम्हीच सांभाळतो, लोक आपण होऊन आमच्या मागे येतात. आता प्रत्येक मालबोटीला निघण्याआधी त्यांना विचारावं लागतं. विमा कंपनीसुद्धा आधी विचारते, थोरल्यांना कळवलंत का. राहिली होती ती फेरीबोट. ती एकदा मागे गेली की आईला लेकीकडे जायलासुद्धा थोरल्यांचा कागद लागेल.”

“लागू दे. मी भरून देईन कागद.”

मी शिकलेली बाई आहे. कॉलेजात ‘बलाढ्य शेजारी आणि छोटी राष्ट्रं’ यावर निबंध लिहिला होता. त्यात ‘लवचीक धोरण’ हे शब्द इतक्यांदा आले की प्राध्यापक म्हणाले, तुमचं धोरण कसरत करतंय की काय. पण तेव्हा निबंधात सगळी राष्ट्रं होती, बोटीत कुणी नव्हतं. आता माझी सगळी लवचीकता एका चार वर्षांच्या मुलीपाशी येऊन थांबली होती, आणि तिच्यासाठी मी अख्खी सामुद्रधुनी लिहून द्यायला तयार होते.

जिना धापा टाकत वर आला. म्हणजे भोंगाकाका आले. मागून टॅक्सीनेता, त्याच्या छातीशी धरलेला तो भोंगा. धुकं पाहिल्याबरोबर काकांनी कुणाला न विचारता त्याचे स्क्रू काढले होते.

“काका, यांना समजवा तुम्ही,” मी म्हणाले. “थोरले मदत करतायत तर घ्यावी की नाही?”

काका खुर्चीत बसले, दम घेतला. “सूनबाई, दिवा त्यांनीच फुंकला आणि आता कंदील घेऊन दारात उभे आहेत. आज एक बोट गेली तर बिघडत नाही गं. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो.”

बोटीत माझ्या सासूबाई होत्या. काकांच्याही ते लक्षात आलं. “म्हणजे, तशी म्हण आहे,” ते पुटपुटले. “तुमच्या आईंना उद्देशून नव्हे.”

आणि नेमका त्याच वेळी माझा फोन वाजला. आवाज तुटत होता, पण सासूबाईंचाच.

“काळजी करत असशील म्हणून केला,” त्या म्हणाल्या. “मुंगी मजेत आहे. सगळ्या बोटीला तिने एकेक गोळी वाटली. तुझ्या पर्समधली, खोकल्याची.”

“आई, तुम्ही ठीक आहात ना? थंडी वाजतेय का तिला? कडेला जाऊ देऊ नका. आई, तुम्ही कप्तानाला सांगा, त्या गस्तीबोटीच्या मागे जा म्हणावं.”

“छे गं. सगळ्यांनी मिळून नको म्हटलंय. मीच आधी म्हटलं.”

“तुम्ही?”

“तुला माहीत नाही, तुझे सासरे आजारी पडले तेव्हा माझ्या थोरल्या दिरांनी काय केलं. म्हणाले, तुम्ही दमलात, कोठीच्या किल्ल्या माझ्याकडे असू द्या, तुमच्या सोयीसाठी. दिल्या. पुढे चार वर्षं मी वाटीभर साखर मागायला त्यांच्या दारात उभी राहत होते. अगदी गोड बोलून द्यायचे हो, कधी नाही म्हणाले नाहीत. पण मागावी लागायची.” फोनमध्ये वारा घुमला. “मुंगीला वाटीभर साखर मागायला लावू नकोस. तुम्ही तिकडून काहीतरी करा. नुसत्या काळज्या काय करतेस.”

फोन तुटला. आमच्या सासूबाई वर्तमानपत्रातलं फक्त राशिभविष्य वाचतात, एवढं इथे नमूद करून ठेवते.

मला अजूनही वाटत होतं जाऊ द्यावं. खोटं कशाला सांगू. पण जाऊ द्या म्हणून काहीच होणार नव्हतं, आणि काहीतरी करायला सांगितलं की मला नुसतं बसवत नाही. “काका, भोंग्याने काय होतं ते सांगा,” मी म्हणाले.

काकांनी टेबलावर दोन पेले ठेवले, मध्ये नवऱ्याचं खोडरबर. “हे आपलं बंदर, हे पलीकडचं. वाट सरळ. आपला भोंगा नाकासमोर आणि पलीकडचा पाठीशी, असा आवाज आला की बोट मधोमध आहे. पाठीचा आवाज एका खांद्याकडे सरकला की समजायचं वाहवलो. जन्मभर अशीच नेली मी धुक्यात. पण दोन भोंगे लागतात. एकाने काम होत नाही.”

“पलीकडच्या बंदराला विचारायला वरून लेखी परवानगी लागेल,” नवरा म्हणाला. “आपण बोलत नाही त्यांच्याशी.”

“तुम्ही बोलू नका,” मी म्हणाले. “मी माझ्या नणंदेशी बोलते.”

माझी नणंद पलीकडे मासळी डबाबंद करण्याच्या कारखान्यात पाळी सांभाळते. पाळी सुटल्याची मोठी शिट्टी तिच्याच हातात. आमचं दोघींचंही बोलणं तसं बेताचंच होतं. तिच्या मते मी मुंगीला कापसात ठेवते, माझ्या मते ती मुंगीला मांजराच्या ताटलीत जेवू घालते.

तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मी शिट्टी वाजवली तर दोनशे बाया काम टाकून घरी जातील. मालक मला ठेवेल का?”

“जाऊ देत. सांग चुकून वाजली.”

“म्हणजे आईला ने-आण करायची मी, शिट्टी वाजवायची मी, नोकरी घालवायची मी. तुम्ही तिकडे काय करता गं? ठिपके बघता?”

“मुंगी आहे बोटीत.”

“माझीही आई आहे,” ती म्हणाली. मग विचारलं, “किती लांब वाजवू?”

“एक लांब. मग थांबायचं. मग आमचे दोन छोटे. मग परत तू.”

“तुझं ऐकायची वेळ यायची होती,” असं म्हणून तिने फोन ठेवला.

काकांचा भोंगा धक्क्याच्या टोकाला नेला. टॅक्सीनेत्याने तो आपल्या गाडीच्या टपावर बांधला आणि काकांना बॉनेटवर बसवलं. काकांनी दांडा फिरवला. म्हैस हंबरली, दोनदा. एवढी वर्षं मला जो आवाज नको होता, तो धुक्यात शिरताना मी त्याच्या पाठीवर हात फिरवावा तसा ऐकत होते.

आणि इथे आमच्या माणसांनी घोटाळा केला.

फेरीबोट अडकली आहे आणि भोंगे हवे आहेत, ही बातमी तळावर पोचली. मग काय, चाळीस टॅक्स्या आल्या. किनाऱ्याच्या रस्त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत उभ्या राहिल्या आणि सगळ्यांनी एकदम हॉर्न दाबले. औषधवाला स्कूटर घेऊन आला. जेवण पोचवणाऱ्याने घंटी आणली. बर्फाच्या कारखान्याने आपली शिट्टी सोडली. बंदरावरची कुत्रीही मागे राहिली नाहीत. मदत करायची म्हणजे कशी, सगळ्यांनी मिळून, सगळीकडून, जीव तोडून.

नवरा खिडकीतून ओरडत होता, ऐकू कुणाला येणार. शेवटी तो धावत धक्क्यावर आला. “कप्तान बोलला,” तो माझ्या कानात म्हणाला. “पूर्ण वाक्य बोलला.”

“काय?”

“‘सगळा किनाराच वाजतोय, जाऊ कुठे?’ आणि ओहोटी लागली आहे. नांगर उचलून त्याने यंत्र सुरू केलंय, थांबता येत नाही आता.”

काका दांडा फिरवत होते पण त्यांची म्हैस त्या गोंगाटात बुडून गेली होती. टॅक्सीनेता हातवारे करत होता, लोकांना वाटलं तो अजून जोरात म्हणतोय. त्यांनी अजून जोरात केलं.

मी एका बोलाऱ्यावर चढले, म्हणजे दोर बांधायचा तो लोखंडी खुंट. ओठांवर बोट ठेवलं. आणि मुंगी तान्ही असताना जितक्या जिवावर उदार होऊन म्हणायचे तेवढ्याच जिवाने म्हटलं,

“शूऽऽऽ.”

पहिल्या टॅक्सीवाल्याने मान वर केली. हात आपोआप हॉर्नवरून निघाला. त्याने शेजारच्याला कोपर मारलं. “ए, शू-वहिनी.” मी खुंटावरून उतरून धक्क्यावरून चालत निघाले, बोट ओठांवर तसंच, आणि माझ्याबरोबर शांतता चालत निघाली. गाडीमागून गाडी गप्प होत गेली. एक जण सवयीने पुटपुटला, “बाळ झोपलंय वाटतं.” बर्फवाल्यांची शिट्टी थांबली. कुत्र्यांनाही काय वाटलं कोण जाणे. शेवटच्या टॅक्सीपाशी पोचले तेव्हा मला माझ्याच चपलांचा आवाज येत होता.

मग काकांचा भोंगा. दोन छोटे.

आम्ही वाट पाहिली. चाळीस टॅक्सीवाले, औषधवाला, मी, सगळे श्वास धरून. आणि धुक्याच्या पार पलीकडून, इतका बारीक की आधी वाटलं कानातच वाजतोय, एक लांब सूर आला. नणंदेची शिट्टी. आमच्या दोन देशांनी वाळूच्या पट्टीनंतर एकमेकांना बोललेला तो पहिला शब्द असावा.

पुढे बराच वेळ तेवढंच चाललं. दोन छोटे, एक लांब. काका दमले की टॅक्सीनेता दांडा फिरवायचा, तो दमला की मी. दांडा जड होता. माझ्या हाताला फोड आले ते मी मुद्दाम कुणाला दाखवले नाहीत, एक नणंद सोडून.

आधी इंजिनाची धडधड आली. मग धुक्यात एक करडी सावली, मग बोटीचं नाक, सरळ आमच्या टॅक्सीवर रोखलेलं. कठड्यापाशी सासूबाई, त्यांच्या पदराला गुंडाळलेली मुंगी, हातात माझी पर्स.

धक्क्यावर आनंदाची लाट उठणार तेवढ्यात टॅक्सीनेता म्हणाला, “थांबा. मागे कोण आहे?”

फेरीबोटीच्या मागे, शेपटीला धरून आल्यासारखी, एक राखाडी, चकचकीत गस्तीबोट धुक्यातून बाहेर येत होती. थोरल्यांची. त्यांच्याच माणसांनी संदेश बिघडवलेला, त्यामुळे तिचाही ठिपका विमानतळावर गेला असणार. लाटांवर एकटं राहण्यापेक्षा ती बापडी फेरीबोटीच्या मागच्या दिव्यावर नजर ठेवून निमूट चालत आली होती. बंदराच्या तोंडाशी तिला टॅक्स्या दिसल्या. ती थबकली. रेडिओवर इस्त्रीवाला आवाज आला, पण इस्त्री जरा मोडलेली.

“फेरीबोट, आम्ही सध्या कुठे आहोत?”

“हं,” कप्तान म्हणाला. आणि मग, माणूस चांगला आहे, त्याने त्यांना परत जायची दिशा सांगितली.

मुंगीला उचलून मी तिचे हात, पाय, कान तपासले. ती वैतागून म्हणाली, “आई, आजीने मला कप्तानाची टोपी मागून दिली होती. तू का बोलावलंस एवढ्यात?”

दुसऱ्या दिवशी थोरल्यांच्या बातम्यांत सांगितलं की त्यांच्या गस्तीबोटीने एका प्रवासी बोटीला सुखरूप बंदरापर्यंत सोबत केली. आमच्या सरकारने ना हो म्हटलं, ना नाही. ‘हं’ म्हटलं, असं आम्ही म्हणतो. लांबच्या मामांनी तीव्र चिंता व्यक्त केली. टॅक्सीनेत्याने मात्र एक फोटो काढला होता, त्यात कोण पुढे आणि कोण मागे हे बालवाडीतल्या मुलालाही कळावं. तो तळावर चौकट करून लावला आहे.

नणंदेची नोकरी गेली नाही. तिच्या दोनशे बाया घरी न जाता किनाऱ्यावर गेल्या होत्या, आणि परत येऊन कामाला लागल्या. मालक म्हणाला, पुढच्या वेळी आधी सांगत जा.

पुढची वेळ येणार हे सगळ्यांनाच माहीत आहे. थोरले काही घर बदलून जाणार नाहीत. चौकट यंदाही थोडी खाली सरकली. पण दोन्ही बंदरांनी, वाळूच्या पट्टीचा विषय न काढता, एक सामाईक चौकी सुरू केली आहे. रोज भर दुपारी आमच्या बंदराचा भोंगा आणि पलीकडची शिट्टी वाजवून बघायची, सराव म्हणून. चौकी पलीकडच्या किनाऱ्यावर आहे आणि तिच्यावर माझ्या नवऱ्याची नेमणूक झाली. त्यामुळे आम्ही सगळे सध्या इकडे, नणंदेच्या शेजारी राहतो. मुंगी मांजराच्या ताटलीत जेवते. मी काही बोलत नाही.

तिकडचा भोंगा भोंगाकाकांचाच, परत बाल्कनीत बसवलेला. दुसऱ्याला हात लावू देत नाहीत. दुपारी मी इथल्या किनाऱ्यावर येऊन उभी राहते, आणि धुकं असो नसो, दोन छोटे सूर आले की मग जेवते. काकांना मुलाने ठिपक्याचं घड्याळ पाठवलंय. त्यावर ते नेहमी घरी असल्याचं दिसतं, कारण ते घड्याळ त्यांनी साखरेच्या डब्यात ठेवलं आहे. फोन ते उचलत नाहीत, म्हणतात भोंगा ऐकलास ना, मग झालं.

म्हणून तुमच्यापैकी जे त्या किनाऱ्यावर राहतात त्यांना माझं एक सांगणं आहे. मला वारा उलटा असला की इथवर ऐकू येत नाही, तुम्हाला येतं. एखाद्या दुपारी म्हैस हंबरली नाही, तर ठिपका बघत बसू नका. टॅक्सीच्या तळावरून वर बघा, ती बाल्कनी दिसेल. जिना चढून जा. दाराला कडी नसते, ढकललं की उघडतं. काय काम आहे म्हणून ते आधी खेकसतील. शू-वहिनीने पाठवलं म्हणा, आणि जेवले का ते नीट विचारा.